कीबोर्डला किती गुण

आमचे दाजी वस्तूंवर विश्वास ठेवत नाहीत. माणसांवर ठेवतात, तोही नको तितका. माझ्या बहिणीशी लग्न करताना त्यांनी काही तपासलं नव्हतं, पण त्याच आठवड्यात घरी आलेला टेबलफॅन तीनदा परत केला होता. ताई हे सगळ्यांना सांगते आणि दाजी दरवेळी म्हणतात, "पंख्यात दोष होता."

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ते काम करतात. बाजारात नवी आलेली वस्तू पंधरा दिवस घरी आणायची, घरच्यासारखी वापरायची आणि ती घ्यावी की नाही ते लिहायचं. सुरुवातीला इस्त्र्या, छत्र्या, पाण्याचे फिल्टर असं काय काय असायचं. गेली पंधरा वर्षं मुख्यतः लॅपटॉप. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, शाळेत गणित शिकवतो, लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे संध्याकाळचा चहा वरच होतो. चहाच्या कपाला जागा हवी म्हणून मी आजवर किती लॅपटॉप सरकवले असतील याची गणती नाही.

दाजींची तपासायची पद्धत त्यांची स्वतःची आहे. वस्तू दुकानात तपासायची नसते, घरात तपासायची, हे त्यांचं ठाम मत. लॅपटॉप आला की आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढतो. ताई पीठ मोजायचं भांडं बाजूला करते आणि म्हणते, "कंपनी किती म्हणतेय?" कंपनी नेहमी थोडं कमीच म्हणते. मग चार्जरसकट वजन. "चार्जर काय पायी चालत येणार आहे?" हे वाक्य दाजींनी इतक्यांदा म्हटलंय की आता ते म्हणायच्या आधी मीच म्हणतो. मग झाकण एका बोटाने उघडतं का, दुपारच्या उन्हात खिडकीशी बसलं तर पडद्यावर अक्षरं दिसतात की आपलंच थोबाड, मांडीवर तासभर ठेवला तर मांडी भाजते का, सगळं होतं. मांडी दाजींची असते. आकडे पुठ्ठ्याच्या बांधणीच्या लांबट वह्यांमध्ये शाईच्या पेनाने लिहिले जातात. लॅपटॉपवर पंधरा वर्षं लिहिणारा हा माणूस लॅपटॉपवर लिहीत नाही.

शेवटची परीक्षा ताईची. ताई विम्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिची बोटं कळांवरून पळायला लागली की शेजारच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबायची, असं तिचे साहेबच तिच्या निरोपाच्या दिवशी म्हणाले होते. तर, प्रत्येक लॅपटॉपवर ताई एक पान टाईप करते. पान ठरलेलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी पहिला लॅपटॉप आला तेव्हा हाताशी इस्त्रीबरोबर आलेलं माहितीपत्रक होतं, त्याचं पहिलं पान. 'इस्त्री चालू ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये' इथपासून 'ओल्या हातांनी स्पर्श करू नये' इथपर्यंत. ताईला ते तोंडपाठ आहे. दाजी शेजारी शर्यतीचं घड्याळ घेऊन बसतात, वेळ लिहितात, मग कीबोर्डला दहापैकी गुण देतात. स्वतः टाईप करून बघत नाहीत. "माझं बोट म्हणजे हातोडा," म्हणतात, "आणि मला यंत्राबद्दल फार माहिती आहे. माहिती नसलेल्या माणसाने सांगायला हवं." लेखात ते ताईचा उल्लेख 'आमच्या सामान्य ग्राहक' असा करतात. पहिल्यांदा ते छापून आलं तेव्हा ताई दोन दिवस फुगून बसली होती.

"तीस वर्षं टायपिंग केलं मी. आणि सामान्य?"

"सामान्य ग्राहक. सामान्य बायको नाही म्हटलेलं," दाजी म्हणाले होते. तेवढ्याने तिचा राग गेला नव्हता, पण चहा मिळाला होता.

गेली तीनेक वर्षं मात्र दाजींचं एक तुणतुणं चालू होतं. कीबोर्ड. कंपन्यांना लॅपटॉप बारीक करण्याचं वेड लागलंय, त्या नादात बटणं चपटी झाली, बोट टेकायला जागा राहिली नाही, टाईप करणाऱ्याचा कोणी विचारच करत नाही. लेखामागून लेख. संपादक बाईंनीही एकदा विचारलं म्हणे, की सगळेच कीबोर्ड कसे वाईट? दाजींनी त्यांना वह्या दाखवायची तयारी दाखवली. आकड्यांसमोर कोण बोलणार. मी दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला तो नेमका दाजींनी कीबोर्डला पाच गुण दिलेला. मुद्दाम नाही, दुकानात तोच बरा वाटला. त्यावर मी प्रश्नपत्रिका काढतो, आणि मला आजवर काही त्रास झालेला नाही. दाजींना मी हे वरचेवर ऐकवायचो. ते म्हणायचे, "मास्तर, तुम्हाला फळ्यावर खडूने लिहायची सवय. तुम्हाला काहीही चालतं." मीही हसायचो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

या वेळचा लॅपटॉप फारच देखणा होता. एवढा सडपातळ की खोक्यातून काढल्यावर आम्ही दुसरा कप्पा उघडून बघितला, आणखी काही राहिलंय का म्हणून. रंग फिका, पावसाळी आभाळात थोडी जांभळी छटा मिसळल्यासारखा. वजन कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे नऊशे ऐंशी ग्रॅम, आमच्या काट्यावर एक हजार चौदा. चार्जरसकट बाराशे नव्वद. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. कडेला दोनच भोकं, पेनड्राईव्ह लावायचा तर वेगळं शेपूट विकत घ्या. बॅटरी पंधरा तास म्हणे. दाजींच्या वापरात साडेआठ. दाजी नाक मुरडून हे सगळं लिहीत होते आणि ताई त्या लॅपटॉपच्या प्रेमात पडली होती. तिने तो डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला आणि या खोलीतून त्या खोलीत जाऊन आली.

"बघ, काही वाटतच नाही हाताला," मला म्हणाली. "आधीचे काय धोंडे होते."

डावा हात, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. ताई उजव्या हाताची आहे.

रविवारी दुपारी पानाची परीक्षा झाली. मी पोचलो तेव्हा ती संपत आली होती. ताई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, तोंड घट्ट मिटलेलं, आणि खट्, खट् असा एकेक आवाज येत होता. पूर्वी तो आवाज असा सुटा सुटा यायचा नाही. 'ओल्या हातांनी'ची ओळ संपली आणि तिने हात उचलून मांडीवर घेतले, उजव्यावर डावा.

"तेरा मिनिटं पाच सेकंद," दाजी म्हणाले. त्यांनी वहीत लिहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. "काय करून ठेवलंय हे? दिसायला राजबिंडा आणि बटणं बघा. तीन. तीनच्या वर एक गुण देणार नाही. चेष्टा लावलीय."

"उथळच आहेत जरा," ताई म्हणाली.

ती चहा टाकायला उठली. मला खोडी काढायची हुक्की आली. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि समोर पडलेल्या माहितीपत्रकातल्या चार ओळी बडवल्या. मी काही टायपिस्ट नव्हे, पण वर्षाला पंधरा प्रश्नपत्रिका काढतो. बोटं सुरेख पळाली.

"दाजी," मी म्हणालो, "याला तीन? अहो, लोणी आहे हे. मी टायपिस्टबाईंच्याही पुढे गेलो की."

स्वयंपाकघरात कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. दाजी सवयीने म्हणाले, "तुम्हाला तुमचासुद्धा चांगलाच वाटतो."

"वाटतो, कारण आहे."

हे मी नेहमी म्हणतो त्याच सुरात म्हणालो होतो. पण दाजी या वेळी हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत टाईप करा बरं." मी केल्या परत चार ओळी. त्यांनी घड्याळ बघितलं. मग ते उठले आणि कपाटातून वह्या काढून आणल्या.

मी गणिताचा मास्तर. माझ्यासमोर आकड्यांचा स्तंभ ठेवला की तो मला आपसूक वाचता येतो, नको असला तरी. पहिली बारा वर्षं आकडे पाच मिनिटांच्या आसपास होते. पाच दोन, पाच दहा, चार अठ्ठावन्न, पाच सहा. मग पाच चाळीस. मग सहा तीस. सात दहा, हा माझा लॅपटॉप. आठ पन्नास. दहा वीस. तेरा पाच. पुढच्या रकान्यात दाजींचं नेटकं अक्षर: बटणं उथळ. बटणांना जोर लागतो. बटणं फार जवळ. बटणं फार लांब. कंपन्या निराळ्या, आकार निराळे, आणि आकडा एकदाही मागे आलेला नाही. इतक्या कंपन्या ठरवून एकाच दिशेने, एकाच चालीने बिघडत नाहीत. हे नववीतला पोरगाही सांगेल.

दाजी बोट ठेवून ठेवून खाली येत होते. दोनदा वरून खाली आले. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी म्हणालो, "मला काय कळतंय यातलं." इतका भित्रेपणा मी आयुष्यात केला नसेल. तोंड उघडलं असतं तर निदान त्यांना एकट्याला ते शोधावं लागलं नसतं.

ताई चहा घेऊन आली. ट्रे नव्हता, एकेक कप डाव्या हाताने आणून ठेवला. माळ्यावरून दाजींनी जुना करडा लॅपटॉप उतरवला, अकरा वर्षांपूर्वीचा, कीबोर्डला नऊ गुण मिळालेला आणि म्हणून पुढे घरासाठी विकत घेतलेला. त्याचा चार्जर सापडेना. ताईनेच सांगितलं, शिवणाच्या डब्यात आहे. मग तो चालू व्हायला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं आम्ही तिघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. त्या दहा मिनिटांत तिला नाही म्हणता आलं असतं. मला उठून घरी जाता आलं असतं. चहा तसाच निवला.

"या लॅपटॉपवर तू पाच दोन केलं होतंस," दाजी म्हणाले. "फक्त बघायचंय. कीबोर्डसाठी."

"हो," ताई म्हणाली. "द्या इकडे."

तिने सुरू केलं. इस्त्री चालू ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. उजव्या हाताची बोटं बटणावर यायची, थांबायची, थोडी थरथरायची, मग बटण दाबलं जायचं. डावा हात आपलं काम संपवून वाट बघत असायचा. पाच मिनिटं झाली, पान जेमतेम एक तृतीयांश झालं होतं. दाजींच्या हातात घड्याळ होतं आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. पुरे, असं म्हणावं तर का पुरे ते म्हणावं लागलं असतं. आठ झाली. दहा झाली. मी भिंतीकडे बघत होतो. तिनेही थांबायचं नाव घेतलं नाही. माझी बहीण अर्धं पान कधी सोडत नाही. बारा झाली. 'स्पर्श करू नये' ला तिने पूर्णविराम दिला तेव्हा चौदा मिनिटांवर काही सेकंद झाले होते. किती, ते दाजींनी लिहिलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या वहीत आहे की," ताई म्हणाली.

नंतर तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोटं अडखळली तेव्हा ती स्वतःच चकित झाली होती. काय झालं म्हणून ती सांगणार, इतक्यात दाजींनीच विचारलं, "बटणं उथळ आहेत का गं?" आणि ती हो म्हणाली. इतकं सोपं होतं ते. पुढच्या वेळी परत विचारलं, परत हो. "तुम्ही इतके चिडायचात त्या कंपन्यांवर," ती म्हणाली, "मला बरं वाटायचं. वाटायचं, असेलही. असेल बटणांचंच."

त्याच आठवड्यात आम्ही तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर बाईंनी तिला बोटं जुळवायला सांगितली, चालायला सांगितलं, कागदावर नाव लिहायला सांगितलं. अक्षर मुंगीएवढं आलं. मग दाजींनी त्यांच्या टेबलावर वह्या ठेवल्या. बाईंनी त्या नीट वाचल्या, ताईने टाईप केलेली, दाजींनी दर वेळी छापून वहीत जपून ठेवलेली पानंही बघितली, आणि म्हणाल्या की इतकी व्यवस्थित नोंद आजवर कोणी आणली नव्हती. उजव्या हातापासून सुरुवात झाली, कधी झाली, कशी वाढली, महिन्यानिशी सगळं यात आहे. कंपवात. गोळ्यांनी थरथर कमी होईल, चाल सुधारेल. गेलेला वेग परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. दाजींनी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" बाई म्हणाल्या, गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या. आजार अडला नसता. त्या हे दिलासा म्हणून सांगत होत्या. दाजींनी वह्या उचलल्या आणि छातीशी धरून ते दवाखान्याबाहेर आले. शाळेतून नाव काढलेल्या मुलासारखे दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी डोक्यात राख घालून घेतली. तीन वर्षांतल्या त्या सगळ्या लॅपटॉपांची माफी मागणारं निवेदन लिहायला घेतलं. कारण लिहायचं म्हटलं तर ताईचं लिहावं लागणार, आणि ताई म्हणाली, "माझा हात मासिकात नको." मग निवेदन अडलं. फाडून परत लिहिलं, परत फाडलं. मी मधे पडलो तर माझ्यावरच घसरले. "तुम्ही दोन वर्षं हसत होतात ना? मग नीट का नाही सांगितलंत?" हसणं सोपं होतं म्हणून हसत होतो, एवढंच.

इकडे नवा लॅपटॉप परत करायची तारीख जवळ आली. लेख तयार होता. वजन होतं, बॅटरी होती, उन्हातला पडदा होता, शेपटाची तक्रार होती. कीबोर्डची ओळ तेवढी कोरी. संपादक बाईंचे दोन फोन येऊन गेले. शेवटी ताईनेच हाक मारून मला वर बोलावलं.

"बस," तिने तिची खुर्ची मागे ओढली. "पान टाईप कर. वेळ मी लावते."

"ताई, मी कशाला?"

"मग सामान्य ग्राहक कोण आता? बस."

दाजी समोर वही घेऊन बसले होते, पेनचं टोपण काढलेलं. ताईने घड्याळ डाव्या हातात धरलं. मी सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर मुद्दाम हात आखडला. आठ-नऊ मिनिटांत माझं पान झालं असतं, हे मला माहीत होतं, आणि मला तो आकडा वहीत तेरा पाचच्या खाली नको होता. एक शब्द चुकवला, खोडला, परत चुकवला.

"नीट कर," ताई म्हणाली. "मला कळतं."

"करतोय."

"करत नाहीयेस. पहिल्यापासून घे." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या बिचाऱ्या यंत्राला आणखी किती दिवस शिक्षा करायची?"

मी पहिल्यापासून घेतलं. तिने घड्याळ शून्यावर आणलं. त्यालाही तिला दोन प्रयत्न लागले आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत थांबलो. मग मी नीट टाईप केलं. खिडकीतून ऊन येत होतं, अक्षरं स्पष्ट दिसत होती. बटणं खरंच फार चांगली होती. बोटाखाली हलकेच जायची आणि लगेच वर यायची. मला त्यांचा एवढा राग आला की काय सांगू.

"आठ चाळीस," ताई म्हणाली. "हळूच आहेस तू. पण लिहा."

दाजींनी आकडा लिहिला.

"गुण?"

दाजींनी पेन पुढच्या रकान्यावर धरलं.

"नऊ द्या," ताई म्हणाली. "आणि लेखात लिहा, कीबोर्ड चांगला आहे."

त्यांनी लिहिलं. मला कागदावरून पेन फिरल्याचा आवाज ऐकू येत होता.

"बटणांना जोर लागत नाही, लिहा."

तेही लिहिलं.

ताईने उजवा हात लॅपटॉपवर ठेवला, सपाट, थरथर थांबावी म्हणून जरा दाबून. "तासभर टाईप केलं तरी हाताला काही जाणवत नाही, लिहा."

दाजींनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"अहो, लिहा ना," ताई म्हणाली. "लोकांना कळायला हवं."